कांदा, गाल आणि मिठाचं पाणी

‘वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आठवीच्या परीक्षेत आला नाही असं वर्ष मला आठवत नाही. उत्तरंही ठरलेली. मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘आकार चौकोनी’, उजवीकडे ‘आकार गोल’. डावीकडे ‘पेशीभित्तिका असते’, उजवीकडे ‘नसते’. मग रिक्तिका, लवके, तारककाय, आणि जागा उरलीच तर ‘वनस्पती पेशी हिरवी असते’. गुण मिळून जातात. पण त्याच मुलाला विचारा, कांद्याची पेशी हिरवी असते का रे? तो खाली बघतो. आमच्या मुलांनी तरी या प्रश्नाला खाली बघू नये, कारण आमची शाळा निफाड तालुक्यातली, लासलगावच्या कांदा बाजारापासून फार लांब नाही. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कांदा साठवायची कांदाचाळ आहे. कांद्याचा भाव त्यांना तोंडपाठ असतो, कांद्याची पेशी मात्र पुस्तकातली.

म्हणून यंदा तक्ता शेवटी घ्यायचं ठरवलं. आधी बघायचं, दिसेल ते काढायचं, रेघ नंतर मारायची. त्यासाठी मधल्या सुट्टीनंतरच्या दोन तासिका जोडून मागून घेतल्या. बदल्यात इतिहासाच्या सरांनी माझा शनिवारचा तास नेला, तो अजून परत आलेला नाही.

प्रयोगशाळेच्या कपाटात सूक्ष्मदर्शक पाच आहेत, धड चालणारे दोन. जुन्या घडणीचे, आरशाचे. वर दहाचा आयपीस, खाली दहाची आणि पंचेचाळीसची अशा दोन लेन्स; म्हणजे शंभरपट आणि साडेचारशेपट. या दोघांना प्रयोगशाळेचे मामा सहसा कुणाला हात लावू देत नाहीत. लेन्स पुसायला त्यांच्याकडे धुऊन धुऊन मऊ झालेला मलमलीचा तुकडा असतो, तो ते खिशात ठेवतात. जोडीला एक फोल्डस्कोप आहे. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि वहीत मावतो. मामांना तो फारसा पटलेला नाही. “मॅडम, हे खेळणं,” असं ते म्हणतात, पण मुलांची पहिली उडी त्याच्यावरच पडते.

आरशाच्या यंत्राचा एक मोठा गुण म्हणजे वीज गेली तरी काम अडत नाही. आरसा खिडकीतल्या उजेडाकडे वळवायचा, सूर्याकडे कधीच नाही. हे मी प्रत्येक गटाला वेगळं सांगते, कारण नळीच्या दुसऱ्या टोकाला पोराचा डोळा असतो.

दिवाळीनंतरचे दिवस होते. चाळीतला उन्हाळ कांदा सरत आलेला आणि नवा लाल कांदा बाजारात आलेला. मुलांनी दोन्ही आणले, आणि गरजेपेक्षा चौपट आणले. कांदा उभा चिरून एक जाड, रसरशीत पाकळी सुटी करायची. तिच्या आतल्या, खोलगट बाजूला एक पातळ पारदर्शक पापुद्रा असतो. पाकळी मटकन मोडली की तुटलेल्या कडेला तो लोंबतो. चिमट्यात धरून अलगद ओढला की निघून येतो. निघाला की थेट पाण्यात. हवेत दोन मिनिटं राहिला तरी गुंडाळतो आणि मग उलगडता उलगडत नाही. स्लाइडवर पाण्याचा एक थेंब, त्यावर अर्ध्या सेंटिमीटरचा तुकडा, सुईने चारी कडा सपाट, आणि कव्हर स्लिप एका बाजूने टेकवून हळूहळू खाली सोडायची. वरून धपकन टाकली की हवा अडकते.

ही अडकलेली हवा म्हणजे पेशीच्या धड्यातलं सगळ्यात फसवं प्रकरण. बुडबुडा सूक्ष्मदर्शकाखाली फार देखणा दिसतो: ठसठशीत काळी कड, आत लख्ख उजेड, अगदी वाटोळा. ‘पेशी गोल असते’ हे आधीच पाठ असलेलं पोर तो बघून खूश होतं आणि वहीत काढून मोकळं होतं. यंदा पहिल्या गटातल्या तिघांनी बुडबुडाच काढला, वर आत एक केंद्रकही घालून टाकलं. मी काही बोलले नाही. कव्हर स्लिपवर सुईने हलकेच दाबायला सांगितलं. केंद्रकासकट पेशी सरकत सरकत कडेला गेली आणि नाहीशी झाली, तेव्हा खोडरबर आपोआप निघालं.

पहिली स्लाइड मी मुद्दाम काहीही रंग न घालता बघायला लावते. आयोडीन टाकलं की केंद्रक झटकन दिसतं हे खरं, पण पेशी मरते. न रंगवलेल्या ताज्या पापुद्र्यात बघायला धीर लागतो. डायफ्राम जवळजवळ मिटवून उजेड कमी करायचा, मोठी लेन्स लावायची, एका लांबट पेशीच्या कडेला नजर लावून बसायचं आणि फाइन स्क्रू केसभर पुढेमागे करत राहायचं. मग कडेलगतच्या पातळ पेशीद्रव्यात बारीक बारीक कण सरकताना दिसतात. काही एका दिशेने, काही उलट, आणि पेशीच्या आरपार गेलेल्या धाग्यांवरूनही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तासाला खिडकीबाहेर असतो, तो आयपीसवरून हटेना. “मॅडम, हे चाललंय.” कुठे चाललंय विचारलं तर म्हणाला, “चाळीतला कांदा आहे हा, मार्चातला.” उपटून कित्येक महिने झालेल्या कांद्यात काहीतरी चाललेलं आहे, हे त्याला सहन होत नव्हतं.

तोच धागा पकडून मी विचारलं, चाळ जमिनीपासून उंच का बांधतात? बाजूंना फटी का ठेवतात? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: कांद्याला हवा लागते, नाहीतर गरम होऊन सडतो. का गरम होतो? कारण तो श्वसन करतो, आणि ते काम त्याच्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, चालतं. दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो की तंतुकणिका फक्त प्राणी पेशीत असतात, वनस्पतींकडे अन्न बनवणारी हरितलवकं आहेत ना, मग त्यांना कशाला हव्यात! हे चुकीचं आहे हे दहादा सांगून डोक्यात जात नाही. चाळीच्या फटींनी ते काम केलं.

मग आयोडीन. कव्हर स्लिपच्या एका कडेला थेंब ठेवायचा, समोरच्या कडेला टिपकागद लावायचा. कागद पाणी शोषतो तसा रंग आत ओढला जातो. पेशी पिवळट होतात आणि प्रत्येकीत एक तपकिरी ठिपका उठून दिसतो, बहुतेकदा भिंतीला चिकटलेला. पुस्तकातल्या आकृतीतही तो कडेला असतो, पण का, हे कुणी विचारत नाही. मधली जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, अडवलेली असते, म्हणून. बाकी सारं सामान तिने कडेला रेटलेलं असतं. बटाट्याचा खरवड आयोडीनमध्ये निळाकाळा होतो, कांदा होत नाही, कारण कांदा स्टार्च साठवत नाही. ही माहिती मी जाता जाता सांगितली. परीक्षेत येत नाही, पण कुणीतरी घरी जाऊन बटाट्यावर आयोडीन टाकून बघतोच.

“हिरवं कुठंय मग?” हा प्रश्न आलाच. यायलाच हवा होता. तेव्हा त्याच कांद्याची पात घेतली. पातीवरचा पापुद्रा काढला आणि सगळे चक्रावले: पातीचं साल असूनही बहुतेक पेशी बिनरंगाच्या! मधूनमधून पर्णरंध्रं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींत तेवढे हिरवे कण. पापुद्र्याला खालचा जो थोडा गर चिकटून आला होता, त्याच्या पेशींत मात्र हरितलवकं खच्चून भरलेली. एकच झाड, एकच पात, शेजारशेजारच्या पेशी, तरी एकीत आहे आणि दुसरीत नाही. ‘वनस्पती पेशी हिरवी असते’ हे वाक्य त्या दिवशी वर्गातून गेलं. निदान वर्गातून तरी.

मोजमापाला पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी वापरली. ती स्टेजवर ठेवून शंभरपटीतून बघितली तर दिसणारं वर्तुळ साधारण दीड मिलिमीटर रुंद भरलं. त्यात कांद्याच्या पाच पेशी टोकाला टोक लावून मावत होत्या, म्हणजे एकेक सुमारे ०.३ मिलिमीटर. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर एका मुलीने पट्टीवरच्या दोन रेघांमधल्या जागेकडे बघितलं आणि म्हणाली, “म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही दिसायला पाहिजे की.” जवळजवळ दिसतेच. पापुद्रा उजेडासमोर धरला तर बारीक लांबट दाणेदारपणा जाणवतो.

गालाच्या पेशींसाठी पहिला नियम: ज्याने त्याने आपापला गाल. दुसरा: आधी खळखळून चूळ भरायची. इअरबडने गालाच्या आतल्या बाजूवरून फिरवायचं, खरवडायचं नाही, आणि तो स्लाइडवरच्या मिठाच्या पाण्याच्या थेंबात घोळवायचा. वापरलेली काडी लगेच ब्लीचिंगच्या पाण्यात. स्लाइडही काम झाल्यावर तिथेच. मिठाचं पाणी म्हणजे मेडिकलमधून आणलेली नॉर्मल सलाइनची छोटी बाटली, १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम मीठ. तेव्हा कुणी विचारलं नाही की साधं पाणी का नको. मीही सांगितलं नाही. तो प्रश्न मला पुढच्या तासासाठी हवा होता. वरून मेथिलीन ब्ल्यूचा एक बारीक थेंब.

कांद्यानंतर गालाची स्लाइड बघताना मुलं पहिल्यांदा हिरमुसतात. कांद्यात सगळं कसं ओळीत, एकाला एक लागून. इथे मोकळं मैदान, आणि त्यात इकडे एक, तिकडे तीन. आकार ना गोल ना चौकोनी; चपटा, वेडावाकडा, कडा कुठे कुठे दुमडलेल्या, भाजलेल्या पापडासारखा. मध्ये गडद निळं केंद्रक स्पष्ट. आकार जेमतेम ०.०६ मिलिमीटर, म्हणजे कांद्याच्या पेशीच्या पाचव्या भागाइतका. पेशीवर सांडलेले निळे टिंब जिवाणू, हे कळल्यावर तिघी पुन्हा चूळ भरायला पळाल्या.

याच गडबडीत मुलींच्या गटातून आवाज आला, “मॅडम, माझ्या गालात झाड आहे.” वर्ग हसला. मी जाऊन बघितलं तर खरंच होतं. गालाच्या दोन पेशी, आणि त्यांच्या शेजारी एक हिरवट तुकडा: ठळक भिंतींचा, कप्प्याकप्प्यांचा, भिंती निळ्या झालेल्या. डब्यात काय होतं विचारलं. मेथीची भाजी. चूळ पुरेशी झाली नव्हती. पण अशी स्लाइड मागून मिळत नाही! एकाच वर्तुळात प्राणी पेशी आणि वनस्पती पेशी, तीही एका जेवणाच्या अंतरावर. सगळ्या वर्गाला रांगेत बघायला लावलं. मेथी चिरली गेली, कढईत शिजली, दातांखाली गेली, आतलं पटल केव्हाच फाटलं, पण भिंती जागच्या जागी उभ्या. पोटात गेल्यावरही माणसाच्या पाचकरसांना या भिंतींतलं सेल्युलोज फोडता येत नाही. ते तसंच पुढे सरकतं आणि त्यालाच आपण चोथा म्हणतो. त्या मुलीला मी विचारलं, तुला कसं ओळखू आलं की हा तुकडा तुझा नाही? ती म्हणाली, “त्याला भिंत आहे ना.” आकार नाही, रंग नाही, रिक्तिका नाही. भिंत. सगळ्या तक्त्याचं बीज तिच्या तोंडून आलं होतं, पण त्या तासाला मी ते तसंच सोडून दिलं.

पुढच्या तासाला लाल कांदा. या वेळी पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा पापुद्रा, कारण लाल रंग त्या बाजूच्या पेशींत असतो. हा आतल्यासारखा सहज सुटत नाही. ब्लेडने बारीक चौकोन आखून एक कोपरा उचलावा लागतो आणि चारदा तरी गरासकट येतो. मिळाला की मेहनत फिटते. साध्या पाण्यात प्रत्येक पेशी कडेपासून कडेपर्यंत गुलाबी-जांभळी भरलेली दिसते. हा रंग रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला असतो. मग एका कडेने मिठाचं पाणी सोडलं. हे सलाइन नव्हे. सलाइनने कांद्याला काही होत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ८ ग्रॅमच्या आसपास मीठ, चांगलं खारट.

आधी काहीच होत नाही. मुलं चुळबुळ करतात. मग एखाद्या पेशीच्या कोपऱ्यात गुलाबी रंग भिंतीपासून किंचित सुटतो आणि तिथे स्वच्छ पांढरी फट पडते. फट वाढते, दुसरे कोपरे सुटतात, आणि बघता बघता प्रत्येक पेशीत गुलाबी गोळा आकसून मध्ये येतो, रंग अधिकच गडद. बाहेरची चौकट मात्र होती तशी, रेघभरही हललेली नाही. पुस्तकात याला रससंकोच म्हणतात. गोळ्याची कड म्हणजे प्रद्रव्यपटल, बाहेरची चौकट म्हणजे पेशीभित्तिका. एरवी ही दोन्ही एकमेकांना इतकी चिकटून असतात की शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून वेगळी दिसतच नाहीत. मिठाने ती वेगळी करून दाखवली. वर्गातला एक जण लगेच म्हणाला की आई कोशिंबिरीच्या कांद्याला मीठ लावून ठेवते तेव्हा हेच पाणी सुटतं. दुसरा म्हणाला, युरिया बुडाशी जास्त पडला की रोप करपतं, ते पण हेच का? हेच. मुळाबाहेरचं पाणी मुळाच्या आतल्यापेक्षा खारं झालं की पाणी उलट्या दिशेने जातं. मिठाचं पाणी टिपून परत साधं पाणी सोडलं तर बहुतेक पेशी पुन्हा भरल्या. काही भरल्या नाहीत, त्या मेल्या असाव्यात.

आता प्राण्याची बाजू. इथे थोडं राजकारण करावं लागलं. मला रक्ताचा थेंब हवा होता आणि आमच्या वर्गात माळकरी घरांतली मुलं आहेत. त्यांना सांगितलं, तुम्ही बघितलंच पाहिजे असं नाही, आकृती मी फळ्यावर काढणार आहे. दोघे बाहेर बसले. त्यातला एक पाच मिनिटांनी दारातून डोकावत होता. चिकनच्या दुकानातून सकाळीच सलाइनच्या बाटलीत चार थेंब झेलून आणले होते. हातमोजे घालून मीच स्लाइडी केल्या. सलाइनमधल्या थेंबात कोंबडीच्या तांबड्या पेशी छान लंबगोल दिसतात, प्रत्येकीत मध्ये केंद्रक. आकार सुमारे ०.०१२ मिलिमीटर. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत नसतं, हे इथेच सांगून टाकलं. ‘प्रत्येक पेशीला केंद्रक असतेच’ हेही पाठ केलेलं वाक्य आहे.

मग त्याच स्लाइडवर, कांद्याला सोडलं तसंच, कडेने साधं पाणी सोडलं. लंबगोल पेशी फुगून वाटोळ्या झाल्या, मग फिकट, आणि मग त्यांच्या कडा दिसेनाशाच झाल्या. मागे नुसती केंद्रकं. मुलं आयपीसमधून बघत ‘गेली, गेली’ म्हणत होती. कांद्याच्या पेशीला आपण दिवसभर साध्या पाण्यात ठेवलं होतं, ती फुटली का? नाही. तिच्यातही पाणी घुसतं, पण बाहेरून भित्तिका दाबून धरते; आतून पाण्याचा रेटा, बाहेरून भिंतीचा, आणि त्या ताणावर पात ताठ उभी राहते. पाणी कमी पडलं की रेटा कमी होतो आणि पात मान टाकते. रक्ताच्या पेशीला धरून ठेवणारं कुणी नाही.

इथे मग सलाइनचा प्रश्न आपणहून आला. आमच्याकडे थोडी कणकण आली तरी ‘डॉक्टर, एक सलाइन लावा’ असं म्हणणारी माणसं प्रत्येक घरात आहेत. बाटलीत नुसतं पाणीच का भरत नाहीत? कारण साधं पाणी शिरेत गेलं तर तांबड्या पेशी स्लाइडवर फुटल्या तशाच फुटतील. ०.९ टक्के मीठ म्हणजे आत-बाहेर बरोबरी. भित्तिका नसलेल्या प्राण्याला सगळ्या पेशींभोवतीचं पाणी कायम असं मापात राखावं लागतं, आणि त्यासाठी आपली मूत्रपिंडं रात्रंदिवस राबतात. गोड्या पाण्यातल्या अमिबाला मूत्रपिंड कुठून असणार? त्याच्यात एक संकोची रिक्तिका असते, ती आत शिरलेलं पाणी गोळा करून सतत बाहेर फेकते. ‘रिक्तिका: वनस्पतीत मोठी, प्राण्यांत लहान’ या ओळीला असा अर्थ आहे. भिंतीच्या आधाराने वनस्पती पाण्याचा साठा आत बाळगू शकते. बिनभिंतीच्या पेशीला ते परवडत नाही.

एवढं झाल्यावर उभी रेघ मारली. एकेक मुद्दा मुलांनी सांगायचा आणि तो भित्तिकेशी जोडता येतो का ते बघायचं. आकार? भित्तिका ठरवते; ती नसली की पेशी चपटी, गोल, चेतापेशीसारखी मीटरभर लांब, काहीही होऊ शकते. हालचाल? अमिबा सरपटतो, पांढरी पेशी जंतूला कवेत घेते. भिंतीच्या आतून हे जमत नाही. विभाजन? प्राणी पेशी मध्ये आवळत जाऊन दोन होते, वनस्पती पेशीत मध्ये नवी पट्टी तयार होते आणि तिची भिंत बनते. हे दाखवायला कांद्याच्या मुळाची टोकं उत्तम, १६ मोठी गुणसूत्रं असल्याने कॉलेजातही तीच वापरतात. पण त्याला आम्ल आणि गरम करणं आलं, ते आठवीच्या हातात देत नाही. प्राण्याचं चित्रावर भागवलं. हरितलवक? हा मुद्दा स्वतंत्र निघाला, भित्तिकेतून येत नाही, तेव्हा तो वेगळा लिहिला, ‘काही पेशींत’ असं जोडून. तारककाय, म्हणजे पेशी विभाजनात मदत करणारं बारीक अंगक? शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही आणि शेवाळ-नेच्यांच्या पोहणाऱ्या युग्मकांत, म्हणजे प्रजनन पेशींत, सापडतं, त्यामुळे ‘वनस्पतीत नसते’ हे फुलझाडांपुरतं खरं. गॉल्जी, रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका ही बाकीची अंगकं दोन्हीकडे आहेत. ते पुस्तकावर विश्वास ठेवून लिहायचं, कारण ते नीट बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

म्हणजे दहा ओळींच्या तक्त्यात फरक मोजून दीड. भित्तिका एक, हरितलवक अर्धा. बाकीचे तिच्या पोटातले.

आणि मुळात ही तुलना सुरू झाली ती फरक शोधायला नव्हेच. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात कप्पे बघितले, ते मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. पुढे दीडशेहून अधिक वर्षं कप्पे म्हणजे वनस्पतींचीच गोष्ट अशी समजूत राहिली, कारण भिंत ठळक दिसते आणि प्राण्यांत ती नाही. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने आमराच्या जातीतल्या, म्हणजे ऑर्किडच्या पेशींतल्या केंद्रकाकडे लक्ष वेधलं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेनने वनस्पतींत तेच बघितलं आणि जेवणाच्या टेबलावर प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या थिओडोर श्वानला सांगितलं. श्वानला आठवलं की आपण बेडूकमाशाच्या पृष्ठरज्जूच्या पेशींत अगदी हेच बघितलंय. दोघे उठून ती तयारी बघायला गेले, असं सांगतात. १८३९ मध्ये श्वानने जो ग्रंथ काढला त्याचा विषयच प्राणी आणि वनस्पती यांच्या रचनेतलं साम्य हा आहे. आपण मात्र प्रश्नपत्रिकेत साम्याला एक गुणही ठेवत नाही. यंदा मी माझ्या चाचणीत ठेवले, दोन. तपासताना जास्त वेळ लागला, कारण साम्यं पाठ नव्हती, मुलांनी आपल्या शब्दांत लिहिली होती. एकाने लिहिलं होतं, ‘दोघींत पाणी आत-बाहेर जाते.’ पूर्ण गुण दिले.

तक्ता फळ्यावर असतानाच एका मुलाने दप्तरातून कागदात गुंडाळलेला कांदा काढला. सालाखाली काजळी धरलेला, काळी बुरशी. घरच्या चाळीतला होता. “मॅडम, हिला कुठल्या रकान्यात घालायचं?” झाड नाही, प्राणी नाही. पारदर्शक चिकटपट्टी बुरशीवर अलगद दाबून उचलली आणि तशीच स्लाइडवर चिकटवली. फुंकर मारायची नाही, बीजाणू नाकात जातात. पट्टीखाली धागे, आणि धाग्यांच्या टोकाला काळ्या बीजाणूंचे गेंद. धाग्यांना भित्तिका आहे, पण सेल्युलोजची नाही. कायटिनची, जे झुरळाच्या कवचातही असतं. केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत, हरितलवक नाही. मुलांनी दुसरी उभी रेघ आपणहून मारली. तोवर घंटा झाली होती, आणि इतिहासाचे सर दारात उभे होते.